लायसो-जीबी-१ ११८ वरून २५६! कुणाच्या मुलाचं असं झालंय का? (गोशे आजार)

सायसाखर | सोमवार, रात्री ११:४८

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा नऊ वर्षांचा. चौथ्या वर्षी गोशे निघाला, म्हणजे शरीरात एक एन्झाइम कमी पडण्याचा जन्मजात आजार. (कागदांवर कुणी 'गौचर' लिहितं, कुणी 'गॉशर'. सासूबाईंसाठी तो 'पानथरीचा आजार'.) दर पंधरा दिवसांनी इमिग्लुसरेजची (तेच एन्झाइम बाहेरून देणारं औषध) सलाईन, तीन व्हायल. पोट आत गेलंय, हिमोग्लोबिन ११.४, प्लेटलेट दीड लाखाच्या वर. शाळेत जातो, भांडतो, डबा अर्धा परत आणतो. म्हणजे सगळं सुरळीत आहे असंच धरून चालले होते.

आज मेलवर रिपोर्ट आला. लायसो-जीबी-१ (आजार किती आटोक्यात आहे ते दाखवणारं रक्तातलं द्रव्य) चा आकडा २५६. मागच्या खेपेला ११८ होता. सगळे आकडे वहीत आहेत: उपचाराआधी ५१२, मग २७४, १७१, १२४, ११८. दर वेळी उतरताच. आणि आता एकदम दुपटीच्या वर. कायटोट्रायोसिडेज (आजाराचं रक्तातलं दुसरं माप) मात्र १९००, मागे १९५० होतं, म्हणजे ते होतं तिथेच. मग हे एकच कसं वाढलं? औषध लागू पडेनासं झालं का? औषधाविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात असं वाचलंय.

डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची. घरात सगळे झोपलेत, मी ओट्याशी बसून टाइप करतेय.

नागमोडी | मंगळवार, रात्री १२:१५

ताई, आधी पाणी प्या. आमची मुलगी तेरा वर्षांची, तोच आजार, सात वर्षं झाली सलाईन चालू आहे. आकडे वर-खाली होतात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट जागेवर असताना रातोरात काही कोसळत नाही. लॅब तीच आहे का?

सायसाखर | रात्री १२:२१

रक्त नेहमीच्याच ठिकाणी घेतलं, जांभळ्या टोपणाची नळी, सलाईन लावायच्या आधी. पण या वेळी ते दुसरीकडे पाठवलंय असं दिसतंय, लेटरहेड वेगळं आहे.

परीक्षानळी | रात्री १:०२

मी रक्तरसायनाच्या लॅबमध्ये काम करते (पूर्वी पुणे, आता नेदरलँड्स). माझ्याकडे अजून रात्र फार झालेली नाही, म्हणून लगेच लिहितेय. दोन गोष्टी बघून सांगा. एक, दोन्ही रिपोर्टांवर आकड्यापुढे बारीक अक्षरात एकक काय छापलंय. दोन, शेजारच्या रकान्यात 'नॉर्मल' म्हणून काय दिलंय.

सायसाखर | रात्री १:०९

थांबा, कपाटातून फाइल काढते.

जुन्यावर नॅनोग्रॅम प्रति मिली, नॉर्मल १२ पेक्षा कमी.
नव्यावर नॅनोमोल प्रति लिटर, नॉर्मल २६ पेक्षा कमी.

अगं बाई.

परीक्षानळी | रात्री १:१४

तेच वाटलं होतं! नॉर्मलची मर्यादासुद्धा दुप्पट झालीये बघा. लायसो-जीबी-१ म्हणजे ग्लुकोसिलस्फिंगोसिन, त्याचा रेणुभार साधारण ४६१.६. त्यामुळे १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे २.१७ नॅनोमोल प्रति लिटर. तुमचे २५६ भागिले २.१७, येतात ११८. आकडा तसूभरही हललेला नाही. एकाने किलोत मोजलं, दुसऱ्याने पौंडात. झोपा आता.

सायसाखर | रात्री १:१७

रडू आलं. खरंच. धन्यवाद.

नागमोडी | सकाळी ७:३०

परीक्षानळी यांना साष्टांग. आमच्याकडे हाच घोळ कायटोच्या बाबतीत उलटा झाला होता. मुलगी सहा वर्षांची, पोट घागरीएवढं, प्लेटलेट साठ हजार, आणि कायटोट्रायोसिडेज शून्य. कमी नव्हे, शून्य. एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गोशेमध्ये हे शेकडो पट वाढलेलं असतं, त्यामुळे हा गोशे असणं शक्य नाही. चार महिने दुसऱ्याच वाटेने फिरलो, हाडातला मगजसुद्धा काढून झाला. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी थेट एन्झाइम तपासलं आणि जनुक बघितलं. गोशेच होता.

उन्हाळी | सकाळी ८:०५

शून्य कसं येऊ शकतं? यंत्र बिघडलेलं?

परीक्षानळी | दुपारी १२:४०

यंत्र बिचारं बरोबर असतं. सविस्तर लिहिते, कारण दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे आहेत.

गोशेमध्ये ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम कमी पडतं. जुन्या पेशींचा कचरा गिळणाऱ्या ज्या मॅक्रोफेज पेशी आहेत, त्यांना एक स्निग्ध पदार्थ पचेनासा होतो आणि तो त्यांच्या पोटात साठत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसते. याच पेशी पानथरीत, यकृतात, हाडांच्या मगजात गर्दी करतात.

आता उपचार चालतोय का हे कळायला दर वेळी पानथरीचा तुकडा काढता येत नाही. पूर्वी रक्तातली अ‍ॅसिड फॉस्फेटेज, एसीई, फेरिटिन ही द्रव्यं बघायचे. ती वाढतात, पण इतर दहा कारणांनीही वाढतात. १९९४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांना रुग्णांच्या रक्तात कायटोट्रायोसिडेज शेकडो पट सापडलं. हे एन्झाइम त्या फुगलेल्या पेशीच बाहेर सोडतात. म्हणजे कायटो हा त्या पेशींचा आरडाओरडा. औषध लागू पडलं की पेशी कमी होतात आणि आरडाओरडाही.

पण अडचण अशी की काही माणसं जन्मतःच मुकी असतात! कायटोच्या जनुकात २४ अक्षरांची पुनरुक्ती झालेली असली की ते एन्झाइम तयारच होत नाही. दोन्ही प्रती तशा असतील तर शून्य, एक असेल तर निम्मं. युरोपात साधारण ६ टक्के लोक पूर्ण शून्यवाले आहेत, आशियातल्या बऱ्याच लोकसमूहांत हे प्रमाण त्याहून जास्त. त्या माणसाला त्याचा काही त्रास नसतो, फक्त तो गोशेचा रुग्ण असेल तर कायटो त्याच्या कामाचं नाही. नागमोडी यांच्या मुलीचं हेच झालं. निम्मंवाल्यांचा आकडा तर जास्त फसवा, कारण तो येतो, पण खऱ्याच्या अर्धा येतो. शिवाय मलेरिया, सार्कॉइड, नीमन-पिक अशा दुसऱ्या आजारांतही कायटो वाढतं.

लायसो-जीबी-१ वेगळं आहे. तो आरडाओरडा नाही, तो गोदामात साठलेल्या मालाचाच तुकडा आहे. साठलेल्या स्निग्ध पदार्थावरचं फॅटी अ‍ॅसिड उतरवलं की उरतं ते हे. २०११ मध्ये ते प्लाझ्मात सरासरी दोनशे पटींहून जास्त असल्याचं दाखवलं गेलं, तेव्हापासून हळूहळू त्याने कायटोची जागा घेतली. ते मुक्यांमध्येही दिसतं.

जाता जाता: कायटोचे आकडे तर दोन लॅबमध्ये कधीच लावून बघू नका. तिथे एन्झाइमला खायला काय घातलं यावर आकडा बदलतो, आणि त्याला भागाकाराचं साधं सूत्र नाही. लायसोचंही कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातलं मोजमाप आणि नळीतल्या प्लाझ्मातलं मोजमाप ही दोन वेगळी खाती आहेत.

उन्हाळी | दुपारी १:२०

मी फॅब्रीवाला (गोशेसारखाच एन्झाइमचा दुसरा जन्मजात आजार, घाम न येणारी जमात). आमच्याकडे याचाच चुलतभाऊ, लायसो-जीबी-३. माझा आकडा भरपूर आणि औषधाने उतरलाही. पण आईचा जवळजवळ नॉर्मल आला आणि इकोमध्ये तिच्या हृदयाची भिंत जाड. बायकांमध्ये असं होतं म्हणे. आकडा बरा म्हणून तिची तपासणी दोन वर्षं पुढे ढकलली गेली, त्याचा राग अजून आहे.

गवतीचहा | दुपारी ३:१०

एवढ्या सुया टोचण्यापेक्षा शरपुंखाचा काढा द्यावा. प्लीहेवर रामबाण आहे. आमच्या ओळखीत एकाची पानथरी महिन्यात उतरली.

नागमोडी | दुपारी ३:२५

ती मलेरियाची असेल, ती आपोआपही उतरते. इथे शरीरात एन्झाइमच पुरेसं पडत नाही. काढ्यातून एन्झाइम येत असतं तर आम्ही शरपुंखाची शेती केली असती.

गवतीचहा | दुपारी ३:४१

बरं बाबा. पोराला आशीर्वाद.

पानथरी_नसलेली | मंगळवार, रात्री ९:५५

सायसाखर, आयडीवरून कळलंच असेल. वय ४४, राहणार कोल्हापूर. माझी पानथरी १९९२ मध्ये काढली. अमेरिकेत पहिलं औषध आलं होतं १९९१ मध्ये, माणसाच्या वारेपासून काढलेलं, पण ते आमच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. पोट कापायचं हाच उपचार होता. त्यामुळे माझे प्लेटलेट तेव्हापासून उत्तम असतात, काही न करताही. आकडे बघून सगळे खूश, आणि मी मांडीच्या हाडाच्या दुखण्याने रात्र रात्र जागी. पानथरी नसली की रक्ताची मोजणी काहीच सांगत नाही. म्हणून आमच्यासारख्यांना लायसो हा मोठा आधार.

पण मला तुमचं वेगळंच खटकलंय. घाबरवायचं नाहीये. १२४, ११८, ११८. वाढला नाही हे खरं, पण उतरायचाही थांबलाय ना? आणि कायटो १९५०, १९००, तेही तिथेच. मुलाचं वजन आता किती? आणि तीन व्हायल कधीपासून?

सायसाखर | रात्री १०:२०

तीन व्हायल सुरू झाल्या तेव्हा २० किलो होता. परवा २७ भरला. मी तर खूश होते की वजन वाढतंय.

पानथरी_नसलेली | रात्री १०:३१

वजन वाढणं चांगलंच. पण गणित बघा. एक व्हायल ४०० युनिटची. तीन म्हणजे १२००. २० किलोला भागा, ६० युनिट प्रति किलो. २७ ला भागा, ४४. कुणी डोस कमी केला नाही, पोरगं मोठं झालं आणि डोस आपोआप खाली आला.

४४ वर चालणारी मुलंही आहेत, पुष्कळांना कमीही पुरतो. तो निर्णय डॉक्टरांचा. पण गुरुवारी जाताना आकड्यांच्या शेजारी वजनाचा रकाना भरून न्या.

परीक्षानळी | रात्री १०:५०

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकक सापडलं आणि मी विजयी मुद्रेने झोपायला सांगून मोकळी झाले. माफ करा सायसाखर.

सायसाखर | रात्री ११:०४

माफी कसली, काल रात्री तुम्ही नसतात तर मी सकाळपर्यंत तिथेच बसले असते. रकाना काढते. उंचीही लिहू का?

पानथरी_नसलेली | रात्री ११:०६

लिहा. आणि सोनोग्राफीत यकृत, पानथरी किती सेंटिमीटर आली तेही, तारखेसह. एमआरआय झाला असेल तर त्यातली घनफळं. हाडं दुखतात का हे मुलाला वेगळं विचारा. मुलं सांगत नाहीत, नुसती खेळायची थांबतात.

भैरवगड | बुधवार, पहाटे ५:४०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, टाइप ३, म्हणजे गोशेचा मेंदूलाही धरणारा प्रकार. जनुकाच्या रिपोर्टवर दोन्हीकडे एल४४४पी, भारतात गोशेमध्ये सगळ्यात जास्त हाच बदल सापडतो. त्याचे आकडे कुणालाही हेवा वाटेल असे. लायसो ४८० वरून ४१. एकक तेच, लॅब तीच :) पानथरी हाताला लागत नाही. पण गच्चीवर क्रिकेट खेळताना बाजूने आलेला चेंडू त्याला दिसायचाच नाही. समोरून आला तर बरोबर मारायचा. मला वाटलं, धांदरट आहे. मग पुस्तक वाचताना बघितलं. ओळ संपून पुढची सुरू झाली की डोळे जायचे नाहीत, तो सगळं डोकंच झटका देऊन वळवायचा. डोळ्यांना आडवी झटकन हालचाल करता येत नाही, ही टाइप ३ ची खूण आहे, हे नंतर कळलं.

सलाईनमधलं एन्झाइम मेंदूत जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी एवढा मोठा रेणू आत सोडत नाही. त्यामुळे रक्तातला आकडा पानथरीचं सांगतो, यकृताचं सांगतो, काही अंशी हाडांचं सांगतो. डोळ्यांचं सांगत नाही. मी तीन वर्षं आकड्याचा आलेख फ्रिजवर लावून ठेवला होता आणि समोर बसलेल्या पोराची मान बघितली नाही.

सायसाखर ताई, तुमच्या मुलाचा टाइप कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. लिहायलाच हवं असं नाही. पण डॉक्टरांना डोळ्यांच्या हालचालीचं एकदा विचारा.

सायसाखर | सकाळी ६:१५

वाचलं दादा. त्याच्या रिपोर्टवरही एल४४४पी आहे, एका बाजूला. दुसरा बदल वेगळा आहे. टाइप अजून कुणी ठामपणे सांगितलेला नाही. विचारते.

नागमोडी | सकाळी ९:००

भैरवगड, तुमची व्यनि (खासगी निरोपांची) पेटी भरलीये, रिकामी करा. आमची मुलगी अशा एका मुलाला ओळखते, जो चौथीपासून मोठ्या टाइपातली पुस्तकं ओळीखाली पट्टी धरून वाचतो. त्याच्या आईचा निरोप द्यायचाय.

उन्हाळी | सकाळी १०:३०

बाहेरून एक व्यावहारिक प्रश्न. तीनाच्या चार व्हायल झाल्या तर पैशांचं काय? आमच्याकडे डॉक्टर डोसाचं बोलायला लागले की मी आधी भिंतीकडे बघतो.

नागमोडी | सकाळी ११:१०

बरोबर जागी बोट ठेवलंत. सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात गोशे गट ३ (अ) मध्ये आहे, म्हणजे उपचार आहे पण महागडा आणि आयुष्यभराचा. मे २०२२ पासून उत्कृष्टता केंद्रामार्फत (त्यासाठी नेमलेल्या रुग्णालयामार्फत) एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते. सुरुवातीच्या आठ केंद्रांत आपल्याकडचं मुंबईचं केईएम. ५० लाख ऐकायला मोठे वाटतात. पण औषध किलोवर मोजतात आणि ते आयुष्यभर लागतं. पोरगं वाढतं, मर्यादा वाढत नाही. काही मुलांना कंपनीच्या मोफत औषध योजनेतून मिळतं, तिथेही व्हायल वाढवायच्या म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा कागद. म्हणून तो आकड्यांचा तक्ता नीट ठेवा ताई. समितीसमोर 'बरं वाटत नाही' चालत नाही. तीन तारखा, तीन आकडे, तीन वजनं चालतात.

पानथरी_नसलेली | दुपारी १२:०५

मोठ्यांसाठी एक सांगते, शोधत कुणी इथे आलंच तर. टाइप १ च्या (मेंदूला न धरणाऱ्या प्रकाराच्या) प्रौढांना इलिग्लुस्टॅटच्या गोळ्या चालू शकतात. त्या साठलेला माल पचवत नाहीत, मालाची आवकच कमी करतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आरोग्य मंत्रालयाने ज्या चार दुर्मीळ आजारांच्या देशी औषधांची घोषणा केली त्यात हे होतं. तेव्हा सांगितलेले आकडे: वर्षाचा खर्च १.८ ते ३.६ कोटींवरून ३ ते ६ लाख. मी दीड वर्षापासून घेतेय. सुरू करण्याआधी सीवायपी२डी६ जनुकाची तपासणी लागते, यकृत गोळी किती वेगाने निकामी करतं त्यावर डोस ठरतो. आणि इतर कुठलीही गोळी, अगदी सर्दीचीसुद्धा, विचारल्याशिवाय नाही.

सायसाखर | शुक्रवार, रात्री १०:१२

काल जाऊन आलो. वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी आधी २५६ वर बोट ठेवलं, कपाळाला आठी. मी म्हटलं, एकक बघा सर. ते हसले आणि म्हणाले, आता तुम्हीच बसा इथे. मग वजनाच्या रकान्याशी बराच वेळ थांबले. चार व्हायलचं पत्र देतायत. चार म्हणजे १६००, २७ किलोला ५९. अँटीबॉडीचंही तपासू म्हणाले, पण पहिला संशय वजनावरच.

डोळ्यांचं विचारलं. त्यांनी दोन पेनं दोन्ही बाजूंना धरली आणि 'इकडे बघ, तिकडे बघ' केलं. काही बोलले नाहीत, न्यूरोला चिठ्ठी दिली. येताना बसमध्ये मी त्याला खिडकीतून पळते खांब मोजायला लावले. मोजत होता. मान हलत होती की नाही ते मला ठरवता आलं नाही.

भैरवगड | रात्री १०:४०

बसमध्ये सगळ्यांचीच हलते ताई. चिठ्ठी घेऊन जा फक्त.

सायसाखर | चार महिन्यांनंतर, रविवार, दुपारी ४:३०

धागा वर काढतेय.

पत्र समितीकडे जाऊन मंजूर व्हायला अकरा आठवडे लागले. मध्ये दोन सलाईन चुकल्या, औषधच आलं नव्हतं. फोन केला की 'सिस्टीममध्ये दिसतंय' एवढंच उत्तर. अँटीबॉडी निघाल्या नाहीत. न्यूरोचे डॉक्टर म्हणाले, आडव्या हालचालीत किंचित संथपणा असू शकेल, सहा महिन्यांनी यंत्रावर मोजू. ती तारीख वहीत लिहिलीये, त्याच्यापुढे रकाना रिकामा आहे.

परवा पहिल्यांदा चार व्हायल लागल्या. सिस्टर ट्रेमध्ये मांडत होत्या तेव्हा याने मोजल्या. आज चार का? म्हटलं, तू मोठा झालास म्हणून. तर म्हणे, मग दहावीत किती? शेजारच्या खाटेवरच्या मुलीचे बाबा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

लायसो सहा महिन्यांनी पाठवायचंय. चुकलेल्या दोन सलाईनींमुळे पहिला आकडा कदाचित वरच येईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. जुन्याच लॅबला पाठवा असं या वेळी चिठ्ठीवर लिहून घेतलं.

परीक्षानळी | रविवार, रात्री ८:१५

आकडा आला की इथे टाका. एककासकट.